ठाऊक नाही म्हणायची सोय

"मावशी, तुमचा मुद्दा यादीतून गेला," केतकी म्हणाली आणि तिनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. स्क्रीनवरचं इंग्रजी मला वाचता येत नाही. पण खालच्या एका ओळीवर आडवी रेघ मारलेली दिसत होती. तेवढं वाचायला शाळा लागत नाही.

"कोणी काढला?"

"नितीन सरांनी. काल मीटिंग झाली. शुक्रवारी यादी फ्रीझ होणार. त्यानंतर त्यात नवीन काही घालता येणार नाही."

तो दिवस मंगळवार होता. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस होते.

आधी मी कोण आणि ही यादी कसली ते सांगते. मानवत गावात आमचं मोटार रिवाइंडिंगचं आणि स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारीला चालू-बंद करणारा जो लोखंडी डबा असतो, तो स्टार्टर. दुकान नवऱ्यानं काढलं. मी चौथीपर्यंत शिकलेली. सुरुवातीला घरी बसून तांब्याच्या तारेची वेटोळी भरून द्यायची. पुढं स्टार्टरच्या डब्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड यायला लागले. मोबाइलवरून मोटार चालू करायची यंत्रं आली. नवरा म्हणाला, ही किडामुंगीएवढी कामं माझ्यानं होत नाहीत. माझ्यानं व्हायला लागली. तो वारला, दुकान चालू राहिलं. आता माझ्या हाताखाली दोघी आहेत, नसरीन आणि सुनीता.

कंपन्या बोर्ड विकतात, पण त्याचं सर्किट कसं आहे ते दुरुस्त करणाऱ्याला देत नाहीत. म्हणून मी ते स्वतः काढायला लागले. मीटरच्या दोन सुया दोन ठिकाणी टेकवायच्या. आवाज आला तर ती दोन ठिकाणं आतून जोडलेली आहेत. आवाज आला नाही तर नाहीत. असं करत करत पूर्ण बोर्ड कागदावर उतरवायचा. चौकटीच्या वहीत मी असे बोर्ड काढून ठेवलेत. वह्यांची एक पेटी भरली आहे. आजूबाजूच्या गावांतले वायरमन येतात आणि त्यांच्या झेरॉक्स नेतात.

अशा चित्राला स्कीमॅटिक म्हणतात, हे मला केतकीनं सांगितलं. नकाशात कोणाचं घर कुठं आहे ते दाखवतात. स्कीमॅटिकमध्ये घरं कुठंही असोत, कोणाची सोयरीक कोणाशी आहे तेवढंच दाखवतात. कुठला पार्ट कुठल्या पार्टला जोडलाय, बस.

केतकी पुण्याची इंजिनियर. तिच्या ऑफिसात या स्कीमॅटिकसाठी एक नवीन फाइल फॉरमॅट तयार करायचं काम चाललं होतं. फाइल फॉरमॅट म्हणजे चित्र कॉम्प्युटरात लिहून ठेवायची पद्धत. शाळेत जशी दुरेघी वही वेगळी, चौकटीची वेगळी, हजेरीची वेगळी, तसंच. ज्या गोष्टीला वहीत रकाना नाही ती गोष्ट वहीत जात नाही. फॉरमॅटमध्ये कायकाय लिहायची सोय असावी, त्या एकेका सोयीला फीचर म्हणतात. त्यांचा हा फॉरमॅट दुरुस्ती करणाऱ्या लोकांसाठी होता, फुकट होता, आणि कुणाही माणसाला मोबाइलवर उघडता येणार होता. म्हणून दुरुस्ती करणाऱ्या लोकांना काय लागतं ते विचारायला तिला पाठवलं होतं. माझ्या वह्यांतली चित्रं पहिल्यांदा त्यात घालायची ठरली होती.

ती आली तेव्हा तिच्याकडं विचारायच्या प्रश्नांचा छापील कागद होता. पहिला प्रश्न, तुम्ही स्कीमॅटिकमध्ये सगळ्यात आधी काय बघता?

"कुठं हात लावू नये ते," मी म्हणाले.

तिनं कागद बाजूला ठेवला आणि नुसती बसून बघायला लागली. तेव्हापासून आमचं जमलं.

यादी हळूहळू तयार झाली. सुनीताला अक्षरं मोठी पाहिजे होती आणि एका हातानं चित्र सरकवता आलं पाहिजे होतं, कारण दुसऱ्या हातात पक्कड असते. नसरीनचं म्हणणं तारांच्या रंगांबद्दल होतं. ती म्हणाली, "कंपनीच्या बोर्डात तार निळी असती. गावातल्या वायरमननं बदलली की ती पिवळी हुती, कारण त्याच्या पिशवीत पिवळीच उरलेली असती. दोन्ही रंग लिहायला जागा पायजे." केतकीला हे फार आवडलं. तिनं ते तारखेसकट लिहून घेतलं.

माझे दोन मुद्दे होते. पहिला, चित्रातल्या पार्टला बोलून माहिती जोडता यावी. मला लिहायला वेळ लागतो. 'हा रिले ओल धरल्यावर चिकटतो, आधी वाळवून बघा', एवढं लिहीपर्यंत माझा चहा गार होतो. बोलले की झालं. हा मुद्दा सगळ्यांना पसंत पडला.

दुसरा मुद्दा असा. बोर्डातली एखादी तार कुठं जाते ते मला कळलं नाही, तर 'ठाऊक नाही' म्हणायची एक खूण पाहिजे. काही बोर्डांवर कंपनी काळी लाख ओतते, कुणी आत बघू नये म्हणून. तार लाखेत शिरते आणि पुढचं दिसत नाही. मीटरही बोलत नाही. माझ्या वहीत अशा तारेचं टोक मी सुटं सोडते. आमच्या दुकानात त्याला शेपूट म्हणतात.

रेघ मारली होती ती या दुसऱ्या मुद्द्यावर.

"सरांना फोन लाव," मी केतकीला म्हणाले.

तिनं व्हिडिओ कॉल लावला. नितीन सर म्हणजे केतकीचे साहेब, चाळिशीतले, चष्मा लावणारे, नीट बोलणारे गृहस्थ.

"नमस्कार मावशी. तुमच्या अनुभवाचा आम्हाला फार आदर आहे."

"आदर राहू द्या. रेघ का मारली ते सांगा."

ते हसले. म्हणाले, "सांगतो. कॉम्प्युटर स्कीमॅटिक तपासतो. कुठलं टोक सुटं राहिलं असेल तर तिथं लाल खूण दाखवतो, कारण बहुतेक वेळा ती काढणाऱ्याची चूक असते. सगळ्या लाल खुणा गेल्या की चित्र पूर्ण झालं असं धरून ते सगळ्यांसाठी खुलं होतं."

"आणि टोक कुठं जातं ते ठाऊकच नसलं तर?"

"मग ते चित्र अजून तयार नाही असं समजायचं."

"मग माझ्या निम्म्या वह्या तयार न्हाईत. अन् त्याच्यावर वायरमन रोज काम करायलेत."

"मावशी, माझी अडचण समजून घ्या. 'ठाऊक नाही' असं बटण दिलं तर लोक शोधायचा कंटाळा करतील. जिथं तिथं तेच दाबतील. मग त्या चित्राचा काय उपयोग?"

हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आळशी माणसं मीही पाहिली आहेत. मी बरं म्हणाले आणि कामाला लागले. केतकीला वाटलं मी मानलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवगाव फाट्याकडून रंगनाथ नावाचं गिऱ्हाईक स्टार्टर घेऊन आलं. त्याच्याकडं शेरडं-मेंढरं आहेत आणि थोडं रान. बोअरवर मोबाइलची यंत्रणा लावलेला स्टार्टर होता. मोटार चालू होऊन थोड्या वेळात आपोआप बंद पडायची. रंगनाथ बाकड्यावर बसला.

"मावशी, लवकर करा. मेंढरं माझ्याकडं असं बघायलीत जणू मीच पाणी पिऊन टाकलंय."

"बैस गप. चहा घे."

त्याच कंपनीचा तसलाच बोर्ड मी आधी वहीत काढलेला होता. नसरीननं तो वहीतून कॉम्प्युटरात घातला होता. केतकीनं चाचणीसाठी सॉफ्टवेअर दिलं होतं, आणि नसरीन-सुनीता दोघी महिनाभर फावल्या वेळात वह्या त्यात उतरवत होत्या. सुनीतानं मोबाइलवर ते चित्र उघडलं आणि कामाला बसली. मी पलीकडं मोटार खोलत होते. केतकी माझ्याजवळ बसून काहीतरी लिहीत होती.

दोष स्टार्टर चालू असतानाच दिसत होता. म्हणून सुनीतानं स्टार्टरला आमच्या टेबलावरचा थ्री फेज सप्लाय दिला होता. थ्री फेज म्हणजे शेतातल्या मोटारीला लागणारी तीन तारांची वीज. ती घरच्या विजेपेक्षा जास्त जोराची असते आणि सोडत नाही. चालू स्टार्टरवर काम करायचं असेल तर नियम एकच. कुठली तार कोरडी आणि कुठली जिवंत ते आधी नक्की पाहिजे.

बोर्डातून एक काळी तार बाहेर आली होती. तिच्या टोकाला जुनी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती तार मध्ये येत होती. सुनीतानं चित्रात बघितलं. चित्रात ती तार अर्थिंगला गेलेली होती. अर्थिंग म्हणजे जमिनीत गाडलेली तार. तिला हात लागला तरी काही होत नाही असं आमच्या धंद्यात धरून चालतात. चिकटपट्टी सुटत आलेलीच होती. सुनीता ती बोटानं काढून टाकायला गेली.

मी तिकडं सहज बघितलं. मला आठवलं ते चित्र नव्हतं, वही आठवली. वहीत ती तार लाखेत शिरली होती आणि पुढं शेपूट होतं.

"सुनीता, हात मागं घे."

माझ्या दुकानात मी ओरडत नाही. हळू बोलले तरी हात मागं जातात. तिचा गेला. मी उठून टेस्टर घेतला आणि त्या टोकाला लावला. टेस्टरमधला दिवा लागला. तार सरळ फेजवर होती, म्हणजे जिवंत. रबराची चटई आणि पायात चपला होत्या, पण तिचं डावं कोपर डब्याच्या लोखंडाला टेकलेलं होतं. वीज बोटातून शिरून कोपरातून गेली असती.

मी सप्लाय बंद केला.

रंगनाथ म्हणाला, "काय झालं?"

"काय न्हाई झालं. तू चहा घे."

सुनीताला पाणी दिलं. मग मी मोबाइल उचलला आणि विचारलं, "ही तार अर्थिंगला कोणी जोडली?"

"मीच जोडली, खाला," नसरीन म्हणाली.

"वहीत काय हाय?"

"वहीत शेपूट हाय."

"मग?"

"लाल खूण जायना. ती गेल्याबिगर चित्र पूर्ण हुत न्हाई. पुढच्या पानावर जाताच येत न्हाई. म्हणून अर्थिंगला जोडून टाकली. अर्थिंगची खूण सोपी हाय, तीन रेघा. अन् अर्थिंग कुठंबी असतंच की."

"असं किती ठिकाणी केलंस?"

तिनं सुनीताकडं बघितलं. सुनीतानं मान खाली घातली. म्हणजे दोघींनी केलं होतं.

"जिथं शेपूट होतं तिथं सगळीकडं," सुनीता म्हणाली. "शाळेत आमचे गुरुजी सांगायचे, पेपरात एकबी प्रश्न कोरा सोडू नका. येत नसलं तरी कायतरी लिव्हा. कोऱ्याला भोपळा. लिव्हलं तर अर्धा मार्क तरी मिळतो. ती लाल खूण बघितली की तसंच वाटायचं बघा."

मी चिडले नाही असं नाही. पण कोणावर चिडायचं ते मला लगेच ठरवता येईना. मलाही शाळेत तेच सांगितलं होतं. या भागातल्या कुठल्याही पोरीला बसवलं असतं तर तिनं तेच केलं असतं. अर्धा मार्क मिळवायची सवय आम्हाला लहानपणीच लागते. आणि इथं अर्धा मार्क म्हणजे अर्थिंगच्या तीन रेघा.

केतकीनं लॅपटॉप उघडून दोघींनी पूर्ण केलेली चित्रं एकेक करून बघायला घेतली. सगळ्यांवर हिरवी टीक होती. कॉम्प्युटरच्या मते एकातही चूक नव्हती.

रंगनाथचा स्टार्टर मी स्वतः केला. एक रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा छोटा स्विच, बदलला, डाख दिला, ती काळी तार नीट झाकून टाकली. तो दुपारच्या एसटीनं गेला. जाताना म्हणाला, "मावशी, तुमच्या दुकानात आज कुणी भांडलं का? सगळी लय गप हायत."

"काम चांगलं चाललंय म्हणून गप हायत."

"मग माझ्या घरी कधीच चांगलं काम चालत न्हाई," असं म्हणून तो स्टार्टर खांद्यावर घेऊन निघाला.

गुरुवारी सकाळी पुन्हा कॉल लावला. मी वही उजव्या हातात धरली आणि मोबाइलवरचं चित्र डाव्या हातात. दोन्ही कॅमेऱ्यासमोर धरली. केतकीनं काल काय झालं ते सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, आवाज न चढवता.

सरांनी आधी विचारलं, "त्या ताई कशा आहेत?"

"चांगली हाय. कामावर आली हाय."

"मावशी, हे गंभीर आहे. आपण एक करू. डेटा भरणाऱ्यांसाठी ट्रेनिंग ठेवू. कडक सूचना देऊ, की ठाऊक नसलेली तार जोडायची नाही."

"अन् मग लाल खुणंचं काय करायचं त्यांनी?"

ते स्क्रीनजवळ येऊन वहीतलं शेपूट बघायला लागले.

मी म्हणाले, "सर, तुमी तोंडानं सांगणार जोडू नका, अन् तुमची फाइल सांगणार जोडल्याबिगर पुढं जाऊ देत न्हाई. पोरी फाइलीचं ऐकणार. ती दिवसभर त्यांच्या पुढ्यात असती. तुमी महिन्यातून एकदा दिसणार."

केतकी खाली बघून हसली.

"पण माझा परवाचा प्रश्न तसाच आहे," सर म्हणाले. "बटण दिलं की आळशी माणूस सगळीकडं तेच दाबेल."

यावर मी रात्रभर विचार केला होता, असं लिहिलं तर चांगलं दिसेल. पण मी झोपले होते. उत्तर सकाळी भांडी घासताना सुचलं.

"फुकट देऊ नका. 'ठाऊक न्हाई' म्हणायचं असलं तर त्यानं खाली लिहायचं, शोधायला काय काय केलं ते. मीटर कुठं कुठं लावला. लाख आडवी आली का बोर्ड जळालेला होता. कोणी बघितलं, कोणत्या दिवशी बघितलं. हे लिहिल्याबिगर खूण बसूच नये. आळशी माणसाला एवढं लिहिण्यापरीस तार शोधणं सोपं पडंल."

सर मागं टेकून बसले. मग त्यांनी केतकीला इंग्रजीत काही विचारलं. केतकीनं उत्तर दिलं. चारपाच वाक्यं तशीच झाली. मला त्यातलं 'नेट' आणि 'पिन' एवढंच कळलं. मग केतकी माझ्याकडं वळली.

"होऊ शकतं, मावशी. आत्ता तारेच्या टोकाला दोनच प्रकार आहेत. जोडलेलं किंवा सुटं. तिसरा प्रकार घालावा लागेल. पण त्यासाठी फाइलची आतली मांडणी बदलेल. त्याला दिवस लागतील. पहिल्या आवृत्तीत तेवढा वेळ नाही. त्याच्या बदल्यात दुसरं एक मोठं काम काढावं लागेल."

"कोणतं?"

तिनं सरांकडं बघितलं. सरच बोलले. "त्याच्याएवढं मोठं काम एकच आहे. आवाजाची टीप. बोलून माहिती जोडायचं फीचर. ते पुढच्या आवृत्तीत ढकललं तर हे बसतं."

"काढा," मी म्हणाले.

केतकी म्हणाली, "मावशी, ते तर तुमच्यासाठी ठेवलं होतं."

"मला लिहिता येतं. सावकाश येतं, एवढंच."

शुक्रवारी यादी फ्रीझ झाली. संध्याकाळी केतकीनं पुन्हा लॅपटॉप फिरवून दाखवला. खालच्या ओळीवरची रेघ गेली होती आणि वरच्या एका ओळीवर आली होती. दुकानात त्या दिवशी भजी आणली. सुनीतानं पैसे दिले, आम्ही देऊ देत नव्हतो, तरी तिनं दिले.

त्यांच्या ऑफिसात त्या खुणेला इंग्रजी नाव काहीतरी लांबलचक आहे. मराठीत ती निवडायला गेलं की 'ठाऊक नाही' असंच येतं. तारेच्या टोकाला राखाडी रंगाचा गोल दिसतो. त्यावर बोट ठेवलं की काय काय करून पाहिलं ते वाचता येतं.

नवीन आवृत्ती हातात आल्यावर पहिलं काम खोटी अर्थिंग काढायचं होतं. दोघींना मी वह्या घेऊन बसवलं. वहीत जिथं शेपूट तिथं चित्रात राखाडी गोल, एवढं साधं काम. नसरीननं आपली चित्रं आपणच शोधून काढली. एकही लपवलं नाही. दोन आठवडे गेले.

त्यात एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. सुनीता एका जुन्या वहीवर थांबली. म्हणाली, "मावशी, ह्या बोर्डावर बी काळी लाख हाय असं तुमीच वर लिहिलंय. अन् खाली तार आरपार जोडलेली दाखवलीय. लाखेतून तुमाला कशी दिसली?"

मी वही हातात घेतली. अक्षर माझंच होतं. तार मला दिसली नव्हती. त्या काळात नवरा दुकानात बसायचा. गिऱ्हाईक उभं असायचं. तो मागून विचारायचा, झालं का, कळलं का. आणि मी कळलं म्हणायची. तार जिथं जात असावी असं वाटलं तिथं जोडून द्यायची. त्यातल्या बऱ्याच बरोबर निघाल्या असतील. पण बरोबर निघाली कुठली आणि नुसती जोडून दिली कुठली, ते आता वहीवरून सांगता येत नव्हतं. शेपूट सोडायची अक्कल मला नंतर आली.

मग माझ्या जुन्या वह्या मीच पुन्हा काढून बसले. जिथं शंका आली तिथं राखाडी गोल घातला. काय करून पाहिलं, या रकान्यात काय लिहायचं ते केतकीनं पुण्याहून फोनवर विचारलं, कारण ही चित्रं ती भरत होती.

"लिही, काही करून पाहिलं न्हाई. गिऱ्हाईक घाईत होतं."

"मावशी, असं लिहू?"

"खरं हाय ते. तुझ्या रकान्यात खरं चालत न्हाई का?"

तिनं लिहिलं. नंतर सरांचाही फोन आला. म्हणाले, सगळ्यात जास्त राखाडी गोल तुमच्याच चित्रांत आहेत, लोकांना वाटेल मानवतच्या मावशींना काही येत नाही. मी म्हणाले, वाटू द्या. ज्याला जास्त येतं त्यानं फोन करावा.

पूर्ण्याहून एका वायरमनचा फोन आला. पावसाळ्यानंतरची गोष्ट. ओळख नाही, पाळख नाही. नाव सांगून थेट म्हणाला, "मावशी, तुमाला एवढंबी ठाऊक न्हाई का? त्या पांढऱ्या बोर्डावरची ती तार टाकीच्या फ्लोट स्विचची हाय. टाकी भरली की मोटार बंद करती. मी लाख फोडून बघितलंय."

"न्हाई ठाऊक. म्हणूनच गोल केलाय."

"मग लिहून घ्या."

त्यानं सांगितलं, मी सावकाश लिहून घेतलं. त्याच्या नावासकट नसरीननं ते चित्रात घातलं आणि तिथला गोल गेला. त्यानंतर असे फोन येतच असतात. कुणी सेलूहून करतं, कुणी कुठून. काही जण उर्मटपणे बोलतात. मला चालतं.

पांढऱ्या बोर्डाचं ते पान मी पुन्हा उघडून बघितलं. नवरा असतानाचं होतं. इतकी वर्षं ती तार मी भलत्याच पार्टला जोडून ठेवली होती. त्या पानाच्या झेरॉक्स पूर्ण्यापर्यंत गेलेल्या होत्या. कितीतरी माणसांनी ते पान बघितलं असणार, आणि त्यांतल्या काहींना खरं ठाऊकही असणार. एकाचाही फोन कधी आला नव्हता. जोडलेली तार बघून कोण कशाला फोन करतो.